पाच बोटांचं दार

गुंडा मिस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात एक जुना रुपया असायचा. जाडजूड, कडा झिजलेला, आता भाजीवालीसुद्धा हातात धरणार नाही असला. गुंडाला तो खर्चायचा नव्हताच. कुपवाडच्या कारखान्यांच्या रांगेत अगदी टोकाला त्याची पत्र्याची शेड होती. तिथं फायबरचं काही दुरुस्तीला आलं, की तो आधी रुपया काढायचा आणि त्या वस्तूवर टक टक करत कान लावायचा. मग ती पाण्याची टाकी असो, देवाचा रथ असो, नाहीतर कुणाची हौसेची जुनी मोटार. फायबर आतल्या लोखंडाला घट्ट धरून बसलं असेल, तर आवाज खणखणीत येतो. सुटलं असेल, तर बसका येतो, पडसं झालेल्या माणसासारखा. बाकीचे मिस्त्री डोळ्यांनी बघायचे, गुंडा कानांनी बघायचा.

आणि असल्या या गुंडानं एका दारावर मात्र बारा वर्षांत रुपया वाजवला नव्हता. दार समोर आलं, की त्याचा हात खिशापर्यंत जायचा आणि तिथंच राहायचा.

ते दार सुभेदार उदयसिंहांच्या मोटारीचं. सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले, कोरेगावकडचे, ऊसवाले. मोटार त्यांच्या वडिलांची, नानासोंची. चाळीस वर्षांमागची, दुधी रंगाची, पुढून बघितली तर हसल्यासारखी दिसणारी. अंग सगळं फायबरचं, म्हणजे काचेच्या धाग्याच्या मॅटवर रेझिन ओतून घट्ट केलेलं. आत लोखंडाचा सांगाडा. दारांचंही तसंच, लोखंडी पत्र्याच्या चौकटीवर फायबरची कातडी रेझिनच्या लुकणानं चिकटवलेली. अशा गाड्या आता राहिल्यात किती? पण नानासोंनी सुनेला, सुभेदारांच्या राजेश्वरीबाईंना, याच मोटारीतून घरी आणलं होतं, म्हणून सुभेदार तिला विकत नव्हते. लोक भंगार म्हणायचे, सुभेदार पुसून ठेवायचे.

संक्रांत उलटून आठ दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमाराला टेम्पोवर लादून मोटार शेडपुढं आली. सुभेदार आधी खाली उतरले.

"मिस्त्री, आली बगा तुमची माहेरवाशीण!"

आत हिशेबाच्या टेबलाजवळ गुंडाची लेक संयोगिता उभी होती. लग्न करून विश्रामबागला दिलेली, पण रोज स्कूटीवरून बापाच्या शेडात कामाला यायची. बोलायला आईसारखी.

"सुभेदारकाका, माहेरवाशीण वर्षाला येती. ही सहा वर्षांनी आली. सासरी छळ दिसतोय."

"छळ आमाला हाय, पोरी. हिचा." सुभेदारांनी टोपी काढून डोकं पुसलं. "ये, बग."

डाव्या दारावर, मुठीच्या खाली, रंग फाटला होता. चार रेघा वर गेलेल्या आणि एक बाजूला तिरकी. कुणी आतून तळवा टेकवून दार ढकलत असावं, अशा. बोटं म्हणजे बोटं. आंगठासुद्धा.

गुंडा लांबच उभा राहिला.

"तिसऱ्यांदा," सुभेदार म्हणाले. "त्याच जागी. तुमी भरता, रंगवता, दोनचार वर्षं गप असतंय, आन मग परत उमटतंय. गावात पोरं गाडीला हात लावंनात. कुणीतरी लिंबूमिरची बांधली, म्या सोडून टाकली. फौजेत काय काय बघितलं, लिंबाला भ्यायचं व्हय? पण आता मामला येगळा हाय."

"काय झालं?" संयोगितानं विचारलं.

सुभेदारांनी इकडं तिकडं बघितलं, जणू मोटारीला ऐकू जाऊ नये.

"परवा साताऱ्याला निगालो होतो. म्या चालवाया, ही डाव्या बाजूला. क्षेत्र माहुलीच्या पुलावर आलो आन दाराची कातडी चौकटीपास्नं सुटली. पुढच्या कडंला. वारं आत शिरलं, पाखराच्या पंखावाणी फडफडाया लागली. आन हिचा पदर खिडकीतनं बाहीर उडून त्या फटीत ओढला गेला. ओढला म्हंजे कसा, कुणीतरी आतनं धरून ओढावा तसा. गळ्याला फास बसला, मिस्त्री. म्या ब्रेक दाबला, पदर फाडला, तवा सुटली. मानंवर वळ उठलाय." त्यांनी स्वतःच्या मानेवर बोट फिरवून दाखवलं. "राजेश्वरी म्हणती, वारं न्हवतं ते, हात हुता. आता ह्या खेपंला नीट झालं तर झालं. न्हाईतर तिला भंगारात घालतो. बाप वरनं शिव्या देईल, दिऊ दे."

सुभेदार टेम्पोत बसून गेले. गुंडा तसाच उभा. उन्हात उभ्या माणसाच्या अंगावर काटा येतो का? त्याच्या आला होता.

कारण तो हात कुणाचा, हे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

अठरा वर्षांमागची गोष्ट. तेव्हा शेड नवी, कामं टाक्यांची आणि खुर्च्यांची. गुंडा आणि त्याची बायको लीलाबाई, दोघंच. लीलाबाई मॅट अंथरायला अशी हुशार, की रेझिनात बुडबुडा म्हणून राहू द्यायची नाही. शाळा चौथीपर्यंत, पण लुकण कुठं धरतं आणि कुठं सोडतं, हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. तेलाशी तर तिची दुष्मनीच. डोक्याला तेल थापून कुणी कामगार आला, की दारातनं परत. "जा, आंघूळ करून ये. लोखंडाला तेलाचा हात लागला, की फायबर धरत न्हाई," म्हणायची. अख्ख्या एमआयडीसीत तिचं नाव बिनतेलाची बाई पडलं होतं.

तेव्हा नानासो ही मोटार घेऊन आले. दोन्ही दारं सडलेली. पहिलीच मोटार! टाक्या सोडून देवानं काहीतरी चाकाचं दिलं, म्हणून लीलाबाईला कोण आनंद. महिनाभर दोघं त्यात. शेवटी डावं दार राहिलं. चौकट घासून तयार, कातडी तयार, लुकण लावून एकावर एक बसवायची तेवढी. गुंडा रंग आणायला मिरजेला गेला. परत आला, तर लीलाबाईनं कातडी बसवून ती दाबून धरणारे शिकंजेसुद्धा आवळले होते आणि नळाखाली हात धूत होती. हात पिवळाधमक.

"हे गं काय?"

"हळद." ती हसत होती, चोरी सापडलेल्या पोरीसारखी. "नव्या घराच्या भितीवर हात उटवत्यात का न्हाई? पयली मोटार हाय आपली. बाहीर लावला असता तर नानासो वरडले असते. म्हणून आत, चौकटीवर लावला. कुणाला दिसतोय?"

"कशात कालवलीस?"

तिनं नळ बंद केला. "तेलात. पाण्यातली वाळून झडती. तेलातली ऱ्हाती."

बिनतेलाच्या बाईनं! गुंडानं कपाळावर हात मारला. रेझिन अजून ओलं होतं. शिकंजे सैल करायचे, कातडी उचलायची, ॲसिटोनच्या फडक्यानं पुसायचं, पुन्हा बसवायची. दहा मिनिटांचं काम.

"एवढासा तर हात," लीलाबाई म्हणाली. "बाकीचं दार हाय की धराया."

आणि गुंडा हसला. दहा मिनिटांचं काम त्यानं केलं नाही. तिचा चेहरा बघून केलं नाही.

पुढच्या वर्षी कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत लीलाबाई गेली. संयोगिता तेव्हा आठ वर्षांची. शेडमध्ये तिच्या हातचं काही उरलं नाही. टाक्या विकल्या जातात, खुर्च्या मोडतात. फोटो एकच, तोही कुणाच्या तरी लग्नातला, कडेला अर्धा.

आणखी पाच वर्षांनी मोटार आली. दारावर पाच रेघा. गुंडानं शेडचं दार लोटून घेतलं आणि आपला पंजा त्या रेघांवर ठेवून बघितला. रेघा आखूड होत्या, बाईमाणसाच्या. त्याला खालचं सगळं न उघडता दिसत होतं. तेलाच्या जागी फायबरनं धरलं नव्हतं. पोकळीत पावसाचं पाणी उतरलं, चौकट गंजली, गंज फुगला आणि त्यानं वरची कातडी आतून ढकलली. जिथं हात, तिथं गंज. जिथं गंज, तिथं भेग. यात भुताखेताचं काही नाही, हे मिस्त्रीला कळत होतं. नवऱ्याला कळत नव्हतं.

काम एकच होतं. कातडी उचकटायची, दोन्हीकडून घासून कोरं करायचं, पुन्हा चिकटवायचं. म्हणजे तिचा हात ग्राइंडरनं घासून टाकायचा.

गुंडानं बाहेरून भेगांत लांबीची लुगदी भरली, पॉलिश पेपर मारला, रंग दिला. सहा वर्षांनी पुन्हा तेच. दोन्ही वेळा नाणं खिशातच राहिलं, कारण वाजवलं असतं तर सुटलेलं किती पसरलंय ते ऐकावं लागलं असतं.

त्याच्या मागं मात्र ते दार लागलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत साऱ्या कारखान्यांच्या मशिनी थांबायच्या, सगळं एकदम सुन्न व्हायचं. मोटार शेडमध्ये असली, की तेवढ्यात दारातून आवाज यायचा. टक. उन्हानं लोखंड वेगळं वाढतं, फायबर वेगळं, सुटल्या जागी टक वाजतंच. हे त्यानं स्वतःच दहा जणांना शिकवलं होतं. तरी टक झालं, की घास हातात राहायचा. आणि मोटार कोरेगावला परत गेली, तरी दुपारी सव्वा वाजता त्याचे कान त्या कोपऱ्याकडं लागायचे. तिथं काही नसायचं. आवाज तरी यायचा.

आता दार मोटारीवरून उतरवून शेडच्या मध्ये लाकडी घोडीवर आडवं ठेवलं होतं आणि गुंडा दुसरीच कामं करत होता. चार दिवस त्यानं एका टाकीचं झाकण घासलं. झाकण आरशासारखं झालं.

"आबा," संयोगिता म्हणाली, "त्या झाकणात आता तोंड बघून पावडर लावायची का मी? दार कवा उघडायचं?"

"उघडायची गरज न्हाई. कडंनं रिबिटा मारू. वरनं लांबी."

"रिबिटा? तुमी?" तिनं हातातलं फडकं टाकलं. "दुसऱ्या कुणी फायबरला रिबीट मारली, तर तुमी त्याची जात काढता. रुपया कुठाय? आना हिकडं, मी वाजवती."

"हात लावू नगंस!"

बाप असा कधी ओरडला नव्हता. संयोगितानं खाली पडलेलं फडकं उचललं. शेजारच्या लेथवाल्यानं डोकावून बघितलं आणि तो परत मशिनीकडं वळला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुभेदार आले. बरोबर राजेश्वरीबाई होत्या. साठीकडं झुकलेल्या, उंच, डोईवर पदर. मानेवर डाव्या बाजूला काळानिळा वळ, दोरीचा पडतो तसा. गुंडानं तो बघितला आणि मान खाली घातली.

"ह्यांला म्हटलं, मला दावा तरी," बाई म्हणाल्या. त्या दारापासून दोन हात लांब उभ्या राहिल्या. "मिस्त्री, एक इचारू? खरं सांगा. ह्याच्या आत काय हाय?"

"गंज हाय, वैनीसाब."

"गंजाला पाच बोटं असत्यात व्हय?"

मशिनी चालू होत्या, तरी गुंडाला सगळीकडं सुन्न वाटलं. त्या वळाकडं बघून त्याला एकच कळत होतं. पदर फाटला नसता, तर सुभेदारही त्याच्यासारखेच झाले असते. अर्धा फोटो घेऊन बसलेले. आणि ते कुणामुळं? लीलाबाईमुळं नव्हे. तिनं तेल लावलं, पण दोन वेळा लांबी त्यानं भरली.

"आत माझ्या बायकोचा हात हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. हळद, तेल, दहा मिनिटं, दोन वेळची लांबी. सांगताना बघत होता जमिनीकडं. झाल्यावर पहिल्यांदा सुभेदार बोलले.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं? आन तुमी रंग मारून दिला? माझी बायकू मेली असती की हो!"

"व्हय."

"व्हय म्हणतोय बग!" सुभेदारांची मिशी थरथरत होती. ते आणखी बोलले असते, पण राजेश्वरीबाईंनी हात वर केला. त्या दाराजवळ गेल्या होत्या. अगदी जवळ. त्यांनी रेघांवर बोट फिरवलं.

"हळदीचा हाय म्हणता?"

"व्हय."

"अहेव गेली न्हवं?"

"व्हय, वैनीसाब."

"मग भ्यायचं काय त्यात?" बाई सुभेदारांकडं वळल्या. "म्या म्हटलं कोण वंगाळ हाय. ही तर सवाष्ण हाय. कुणी दखल घेईना, म्हणून माझा पदर धरला आसंल तिनं. तुमी जावा आन नारळ, खण, तांदूळ घिऊन या. ओटी भरते. मग मिस्त्री, तुमी उघडा."

"गाडीच्या दाराची ओटी?" सुभेदार म्हणाले.

"मोटारीची पूजा करताना चाकाखाली लिंबू ठिवता, तवा लाज वाटत न्हाई ती?"

सुभेदार गेले. फौजेत हुकूम देणारा माणूस कुपवाडच्या बाजारात खणाचा रंग निवडत हिंडला.

संयोगिता मात्र बापाजवळ येऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडक.

"आईचा हात इथं होता आन मला सांगितलं न्हाई? अठरा वर्षं? मला तिचं बोटसुद्धा आठवत न्हाई, आबा."

गुंडानं खिशातून रुपया काढून तिच्या हातात दिला.

तिनं वाजवला. कडेला खण खण आलं. मुठीजवळ बसका. तिथून बिजागरीकडं सगळा बसका, बसका. तिनं खडूनं रेघ ओढली. खडूच्या आत अर्ध्याहून जास्त दार होतं.

ओटी भरून झाली. दारावर खण, वर नारळ, कडेला तांदूळ. कुंकवाचं बोट टेकवताना बाईंनी डबीतलं तेल काढलं, तसा गुंडा पुढं झाला.

"तेल नगं, वैनीसाब. पाया पडतो. ह्या खेपंला कोरडंच."

संयोगिता रडता रडता हसली.

मग काम. गुंडानं लोखंडाच्या बाजूनं गरम हवा द्यायला सुरुवात केली, हळूहळू, कातडी भाजू नये अशी. मागं कापड गुंडाळलेलं हॅक्सॉचं पातं फटीत सरकवलं. संयोगिता पलीकडून दुसरं. दोघं इंच इंच पुढं सरकत होते. धरलेल्या जागी पातं करकरायचं, सुटलेल्या जागी लोण्यातून गेल्यासारखं जायचं. तासाभरानं चर्र झालं आणि कातडी उचलली गेली.

सगळे वाकून बघू लागले.

चौकटीवर गंजाचा पंजा होता. लाल, पापुद्रे सुटलेला, पाचही बोटं पसरलेली, बोटांच्या टोकांतून ओघळ बिजागरीकडं गेलेले. आणि उलट्या पडलेल्या कातडीच्या आतल्या अंगाला, रेझिनमध्ये, तोच हात पिवळा. अठरा वर्षांनी तसाच ताजा, काल लावल्यासारखा. तळव्यावरच्या रेषा दिसत होत्या. करंगळी जरा वाकडी होती. ती खरंच वाकडी होती, गुंडा विसरून गेला होता.

वास आला, असं त्याला वाटलं. संयोगिता म्हणाली, रेझिनचा आहे.

तिनं आपला पंजा त्यावर ठेवला. तिचा हात मोठा होता, आईची बोटं तिच्या बोटांखाली झाकून गेली. मग ती म्हणाली, "आबा, एवढा तुकडा कापून ठिवता येतो का?"

गुंडानं कातडी उजेडासमोर धरून दाखवली. भेगा आरपार गेल्या होत्या, बोटांच्या मधून. "कापला तर पाच तुकडे पडतील. आन त्या जागी भोक. नवं भरलं तरी दाराला बाक येईल." त्यानं कातडी खाली ठेवली. "तिला आवडलं नसतं. अशी कामं ती परत पाठवायची."

"मग द्या ग्राइंडर."

"म्या करतो."

त्यानं तोंडाला फडकं बांधलं. चौकटीवरचा गंज आधी घासला, लोखंड चांदीसारखं निघेपर्यंत. मग कातडी घेतली. ग्राइंडर लावताना पहिल्यांदा पांढरी धूळ उडाली, नेहमीसारखी. मग पिवळी. उन्हाच्या तिरपेत ती धूळ उठली आणि सगळ्यांच्या अंगावर बसली. सुभेदारांच्या मिशीवर, राजेश्वरीबाईंच्या पदरावर, संयोगिताच्या केसांत. करंगळी सगळ्यात शेवटी गेली. गुंडानं ती का शेवटी ठेवली, ते कुणी विचारलं नाही.

पुढचं काम तीन दिवस चाललं. मागून उतार घासून नवी मॅट, थरावर थर. चौकटीला गंज धरू नये म्हणून लेप. ॲसिटोननं दोनदा पुसणं, आणि हाताला हातमोजा. मग लुकण, मग शिकंजे. शिकंजे आवळले तेव्हा गुंडा नळाखाली आपले हात बघत बराच वेळ उभा होता.

मोटार निघाली त्या दिवशी राजेश्वरीबाई डाव्या बाजूला बसल्या, पदर कमरेला घट्ट खोचून. सुभेदारांनी गुंडाचं नाव घेतलं नाही, पण जाताना काचेतून म्हणाले, "मिस्त्री, परत आली तर बगा हं." गुंडानं मान हलवली.

परत आली नाही. दिवाळीनंतर साताऱ्याला एका लग्नाला गेलेला गुंडा वाट वाकडी करून कोरेगावला उतरला. एक पावसाळा दारावरून गेला होता. मोटार अंगणात उभी होती, धुतलेली. सुभेदार चहा सांगायला आत गेले.

गुंडा डाव्या दाराजवळ आला. रंग गुळगुळीत, एक रेघ नाही. त्यानं रुपया काढला आणि मुठीखाली वाजवला. खण. बिजागरीकडं वाजवला. खण. कडेनं, खाली, वर, सगळीकडं एकसारखं, खणखणीत. असं दार त्यानं आयुष्यात दुसरं केलं नव्हतं.

आतून चहाची हाक आली. दुपारचा सव्वा वाजत होता. ऊन दारावर नीट पडलं होतं. गुंडानं कान फायबरला लावला आणि टक होतंय का ऐकत थांबला. कप गार झाला असेल, तेवढा वेळ थांबला. मग पुन्हा एकदा, अगदी हळू, बंद घरासमोर उभं राहून कडी वाजवावी तसा, त्याच जागी रुपया वाजवला.

खण.